धाराशिव एक देश असता तर? सोयाबीनचा भाव, तेलाची पिशवी आणि छोट्या जागेचं मोठं गणित

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांचे आभार. ज्यांना बसमध्ये नाहीतर क्लास सुरू असताना गपचूप वाचायचाय, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलीभाषा तशीच ठेवली आहे, फक्त माझं खोकणं आणि मागून आलेला ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय.

आजचा भाग सुरू झाला एका व्हॉइस मेसेजवरून. कळंब तालुक्यातला एक श्रोता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो: "ताई, घरात चाळीस कट्टे सोयाबीन पडलंय. पप्पा म्हणतात थांबू, भाव वाढंल. आई म्हणते विका आणि ताईची फी भरा. मोबाईलवर एक व्हिडिओ सांगतो भाव सात हजार होणार, दुसरा सांगतो तीन हजार होणार. नेमकं करायचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. पण आधी एक खेळ खेळू. त्याशिवाय उत्तर कळणार नाही.

समजा, धाराशिव हा एक देश आहे

हसू नका. आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या होती साधारण 16.6 लाख. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटर. मॉरिशस हा अख्खा देश आहे, संयुक्त राष्ट्रांत त्याची खुर्ची आहे, आणि त्याची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. क्षेत्रफळ साधारण दोन हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आठ तालुक्यांचा आपला 'देश' मॉरिशसपेक्षा मोठा झाला!

आता या देशाचा हिशोब मांडू. आपण बाहेर काय विकतो? सगळ्यात आधी सोयाबीन. खरिपातला बहुतांश पेरा त्याचाच. मग तूर, हरभरा, ऊस आणि साखर, भूम-वाशीकडचा खवा, उस्मानाबादी शेळ्या. तुळजापूरला येणारे भाविक हीसुद्धा एक प्रकारची निर्यात आहे. बाहेरचा माणूस येतो, राहतो, जेवतो, ओटी-प्रसाद घेतो आणि पैसा इथं ठेवून जातो. अर्थशास्त्रात याला सेवांची निर्यात म्हणतात.

आणि पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं घरी जे पैसे पाठवतात, ते? केरळला दुबईहून पैसा येतो तसाच हा पैसा. फरक इतकाच की तो फोनपेवर येतो.

आणि आपण बाहेरून काय आणतो? डिझेल, खत, औषधं, मोबाईल, मोटारसायकल, कापड, सिमेंट. आणि खाण्याचं तेल. हो, तेलबिया पिकवणारा आपला जिल्हा तेलाची पिशवी दुकानातून आणतो. आपल्या बऱ्याच सोयाबीनची गाडी लातूरला नाहीतर बार्शीला जाते आणि तेल पॅकिंगमध्ये परत येतं. मधली कमाई मधेच राहते.

छोटा देश, थोड्या वस्तू विकणारा, पुष्कळ वस्तू विकत घेणारा. जगातल्या छोट्या व्यापारी देशांना जे प्रश्न पडतात, तेच आपल्याला पडतात. फक्त आपल्याकडे ते मोंढ्यातल्या पाटीवर लिहिलेले असतात.

सप्टेंबर 2025 चा तो आठवडा

तो आठवडा तुम्हाला आठवत असेलच. सीना, खैरी, मांजरा, तेरणा, सगळीकडे पाणीच पाणी. परंडा आणि भूम तालुक्यांत लोक घरांच्या छपरावर अडकले होते, बचाव पथकं आली, हेलिकॉप्टर आलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, कुठं मातीसकट वाहून गेलं.

साधा हिशोब काय सांगतो? माल कमी झाला की भाव वाढायला हवा. मग काढणीनंतर बाजारात भाव हमीभावाच्या बराच खाली का होता?

कारण त्याच आठवड्यात, आपल्यापासून हजारो किलोमीटर लांब, अर्जेंटिनात एक निर्णय झाला. तिथल्या सरकारला तातडीने डॉलर हवे होते. त्यांनी धान्य आणि तेलबियांवरचा निर्यात कर तात्पुरता शून्य केला. सोयाबीनवर तो कर तोपर्यंत 26 टक्के होता. सूट 7 अब्ज डॉलरच्या निर्यातीपर्यंतच होती आणि ती मर्यादा तीन दिवसांत संपली. त्या तीन दिवसांत चीनने सोयाबीन उचललं आणि भारतातल्या आयातदारांनी सोयातेलाचे मोठे सौदे केले. अर्जेंटिना हा जगातला सोयातेलाचा आणि सोयापेंडीचा सगळ्यात मोठा निर्यातदार आहे. तिथं स्वस्त झालं की जगात स्वस्त झालं.

म्हणजे इकडं परंड्यात पाऊस पडत होता आणि तिकडं त्या सोयाबीनच्या भावावर परिणाम करणारी सही होत होती. परंड्यातल्या शेतकऱ्याला त्या सहीचा पत्ताही नव्हता.

जगात पिकणाऱ्या दर 100 किलो सोयाबीनमध्ये भारताचा वाटा साधारण 3 किलो. त्यातला महाराष्ट्राचा किती, त्यातला धाराशिवचा किती, करा विचार. ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तिघं मिळून 80 टक्क्यांच्या आसपास पिकवतात. म्हणून आपलं पीक बुडालं तरी जगाच्या भावाला फारसा धक्का बसत नाही. जगाचा भाव पडला तर मात्र आपलं घर हलतं. छोट्या व्यापारी देशाची ही पहिली ओळख: तो भाव ठरवत नाही, ठरलेला भाव घेतो.

एका क्विंटलचं गणित, मोबाईलवर करा

आता कॅल्क्युलेटर उघडा. सोयाबीन आपण खात नाही, कारखाना त्याचं तेल आणि पेंड करतो. 100 किलो सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. पुढचे भाव फक्त समजण्यासाठी धरलेत, ताजे भाव तुम्ही घाला.

समजा तेल 120 रुपये किलो. 18 गुणिले 120 म्हणजे 2,160 रुपये.
समजा पेंड 32 रुपये किलो. 80 गुणिले 32 म्हणजे 2,560 रुपये.
बेरीज 4,720 रुपये. त्यातून वाहतूक, कारखान्याचा खर्च आणि नफा समजा 350 रुपये वजा केले, तर उरले 4,370. कारखाना साधारण एवढाच भाव देऊ शकतो.

काही लक्षात आलं? आपण सोयाबीनला तेलाचं पीक म्हणतो, पण जास्त पैसा पेंडीतून येतो. तेल किलोला 10 रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागे 180 रुपये वाढतात. पेंड किलोला फक्त 5 रुपयांनी पडली तर क्विंटलमागे 400 रुपये जातात.

आणि पेंड का पडते? एक कारण म्हणजे इथेनॉल. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले. त्यातून जो सुका चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या खाद्यात तो सोयापेंडीच्या जागी काही प्रमाणात चालतो आणि स्वस्त पडतो. पोल्ट्रीवाल्याने पेंड कमी घेतली की त्याची झळ थेट आपल्या खळ्यावर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा निर्णय चांगला की वाईट, तो वेगळा भाग होईल. पण त्याचा सोयाबीनशी संबंध आहे हे मोंढ्यात कुणी सांगत नाही.

देश असतो तर काय करता आलं असतं?

खऱ्या देशाकडे अशा वेळी काही हत्यारं असतात. आपल्याकडे ती आहेत का, बघू.

पहिलं हत्यार, आयात शुल्क. बाहेरचा माल फार स्वस्त आला की देश त्यावर कर लावतो. धाराशिव तो लावू शकत नाही, दिल्ली लावते. आणि दिल्लीला दोन्हीकडे बघावं लागतं. भारत गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, वर्षाला सुमारे 160 लाख टन. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचं शुल्क वाढवलं, सगळं धरून 27.5 टक्के झालं. शेतकरी म्हणाला, बरं झालं. शहरातल्या किचनमध्ये तेल महागलं. मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं. पेरणी तोंडावर असताना.

वरच्या गणितात घाला. बंदरावर तेल 100 रुपये किलो धरलं, तर 11 टक्क्यांचा फरक म्हणजे किलोला 11 रुपये. 18 किलोचे झाले 198 रुपये. एका कागदाने क्विंटलमागे जवळपास 200 रुपयांचा फरक पडू शकतो.

पण थांबा, लगेच शिव्या घालू नका. आपल्या जिल्ह्यात शेतमजूर आहेत, भूमिहीन घरं आहेत. त्यांच्याकडे विकायला सोयाबीन नाही, पण तेलाची पिशवी त्यांनाही घ्यावी लागते. त्यांच्यासाठी स्वस्त तेल ही चांगलीच बातमी. एकाच गावात, कधी एकाच घरात, एका निर्णयाने एक हात भरतो आणि दुसरा रिकामा होतो.

दुसरं हत्यार, स्वतःचं चलन. निर्यात अडली की देश आपलं चलन थोडं घसरू देतो, म्हणजे त्याचा माल बाहेरच्यांना स्वस्त पडतो. आपलं चलन रुपया, तो सगळ्या भारताचा. डिसेंबर 2025 मध्ये पहिल्यांदाच एका डॉलरला 90 रुपयांहून जास्त मोजावे लागले. याने आयात तेल महाग होतं, म्हणजे सोयाबीनला थोडा आधार मिळतो. पण खत आणि डिझेलचा कच्चा मालही डॉलरमध्येच येतो. एका खिशात आलं, दुसऱ्या खिशातून गेलं.

तिसरं हत्यार, सरकारी खरेदी. हे आपल्याकडे आहे, हमीभावाच्या रूपात. सोयाबीनचा हमीभाव 2023-24 ला 4,600, 2024-25 ला 4,892 आणि 2025-26 ला 5,328 रुपये. कागदावर छान चढता आलेख. पण सरकार सगळा माल घेत नाही. किंमत आधार योजनेत सोयाबीनची खरेदी ठरावीक मर्यादेपर्यंतच होते. नोंदणी हवी, बारदाना हवा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. नोव्हेंबर 2024 मध्ये ही अट त्या हंगामापुरती 15 टक्के केली होती. ज्याला दिवाळीच्या आधी पैसा हवा, तो केंद्र सुरू व्हायची वाट बघत नाही. तो आडतीवर जातो, पट्टी घेतो आणि हमीभाव पेपरात वाचतो.

मॉरिशसने काय केलं?

मघाशी मॉरिशसचं नाव मुद्दाम घेतलं. तिथं मराठी माणसं आहेत, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची पुढची पिढी. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात.

12 मार्च 1968 ला हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची जवळजवळ सगळी निर्यात म्हणजे साखर. एकच पीक. 1961 मध्ये जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला होता, या बेटाचं भवितव्य फार काही बरं दिसत नाही असा. याच मीडना पुढे, 1977 ला, नोबेल मिळालं. हुशार माणूस, पण मॉरिशसच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला.

काय झालं? 1970 मध्ये मॉरिशसने निर्यातीसाठी खास सवलती देणारा कायदा केला आणि कपड्यांचे कारखाने आले. 1975 पासून युरोपने ठरावीक साखर चांगल्या, ठरलेल्या भावाने घ्यायला सुरुवात केली. हे आपल्या हमीभावासारखंच. पण ते चांगले दिवस सुरू असताना त्यांनी आणखी ऊस लावण्यावरच समाधान मानलं नाही. कपडे, मग पर्यटन, मग बँकिंग आणि वित्तसेवा, असे एकेक पाय उभे केले.

आणि ते पाय कामाला आले. 2005 ला कपड्यांच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला, चीनशी थेट सामना झाला. 2006 पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला. एकाच पायावर उभा असता तर देश आडवा झाला असता. त्यांनी साखर कारखाने कमी केले, उरलेल्यांतून खास प्रकारची महाग साखर काढली, उसाच्या चिपाडापासून वीज बनवली. आजही सगळं गोड नाही. 2020 मध्ये कोरोनात पर्यटन बंद पडलं आणि अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे 15 टक्क्यांनी आकसली. म्हणजे चार पाय असले तरी धक्का बसतो. पण माणूस उठतो.

मॉरिशसकडे स्वतःचं सरकार आहे, बंदर आहे, समुद्र आहे. आपल्याकडे यातलं काही नाही, मान्य. पण एक प्रश्न विचारते. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन 10 हजारांच्या आसपास गेलं होतं. ते आपले चांगले दिवस. तेव्हा आपण काय केलं? राज्यात सोयाबीनचा पेरा आणखी वाढवला. दुसरा पाय उभा केला नाही, पहिल्याच पायावर जास्त वजन टाकलं.

दुसरा पाय कुठला?

हे आपल्या मातीला नवीन नाही. आपलं तेर, संत गोरोबाकाकांचं तेर, हे दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' नावाने ओळखलं जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या व्यापारी टिपणात त्याचं नाव आहे. तगरहून कापड, तलम मलमल भडोचच्या बंदरात जायची आणि तिथून समुद्रापार. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही बघता येतात. लक्षात घ्या, नुसता कापूस नाही, कापड जात होतं. माल घडवून जात होता.

आजही हे करणारे आहेत. खवा बघा. दूध नासतं, लांब जात नाही. पण भट्टीवर आटवून त्याचा खवा केला की तो शहरांपर्यंत जातो, आणि कुंथलगिरीचा पेढा नावावर विकला जातो. कच्चं न विकता घडवून विकण्याचा हा सरळ नमुना. उस्मानाबादी शेळी बघा. कमी पाण्यात, कमी चाऱ्यात तगते, बऱ्याचदा जुळी करडं देते. सोयाबीन बुडालेल्या वर्षी याच शेळीने कित्येक घरांची फी भरली आहे.

प्रत्येकाने कारखाना काढायला पाहिजे असं मी म्हणत नाही. तूर सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेणं हाही दुसरा पाय आहे. घरचं बियाणं राखणं म्हणजे आपल्या 'देशाची' आयात कमी करणं आहे. सोयाबीनच्या सरळ वाणाचं बियाणं घरी ठेवता येतं. पेरणीआधी 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा. 70 उगवले तर ठीक. भिजलेल्या मालाचं बियाणं मात्र ठेवू नका.

आता त्या व्हॉइस मेसेजचं उत्तर

दादा, भाव सात हजार होईल की तीन हजार, हे मला माहीत नाही. त्या व्हिडिओवाल्यालाही माहीत नाही. अर्जेंटिना उद्या काय करेल, चीन अमेरिकेकडून किती घेईल, दिल्ली शुल्क कधी बदलेल, यावर तो भाव आहे. म्हणून भाव ओळखायच्या नादाला लागू नका. थांबण्याचा खर्च काढा, तो काढता येतो.

कट्टा 60 किलोचा धरला तर तुमच्याकडे 24 क्विंटल आहे. बहिणीची फी ही ठरलेली गरज आहे, तिला भावाच्या जुगारात टाकायचं नाही. फीपुरता माल विका. समजा 12 क्विंटल गेला, 12 राहिला.

राहिलेला माल घरात ठेवून गरजेला सावकाराकडे जाऊ नका. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. माल बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 6 टक्के वार्षिक व्याजाने, 180 दिवसांसाठी. तुमची बाजार समिती ती राबवते का, एवढं विचारून या.

मघाचाच 4,370 चा भाव धरू. 12 क्विंटलचे 52,440 रुपये. 75 टक्के म्हणजे 39,330 रुपये कर्ज. सहा महिन्यांचं व्याज साधारण 1,180 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 98 रुपये. तेच पैसे बाहेरून शेकडा 3 रुपये महिन्याने घेतले, तर सहा महिन्यांचे 7,079 रुपये, क्विंटलमागे 590. पहिल्या वाटेने भाव शंभर-दीडशेने वाढला तरी गोदामभाडं धरून तुम्ही फारसे तोट्यात नाही. दुसऱ्या वाटेने सहाशे वाढला तरी हातात काही नाही. भाव दोघांना सारखाच मिळतो, पण थांबण्याची ऐपत वेगळी असते. छोट्या देशाची ताकद आणि छोट्या घराची ताकद, दोन्ही इथंच ठरतात.

आणि एक तारीख ठरवा. पप्पा, आई, तुम्ही, तिघं बसून. अमुक भाव आला तर विकायचं, नाही आला तर अमुक तारखेला विकायचं. कागदावर लिहून ठेवा. मग पप्पांचंही खरं, आईचंही खरं.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातली शेवटची पट्टी शोधा. त्यावर भाव, हमाली, तोलाई, सगळं वाचा. मग आईला विचारा, तेलाचा 15 किलोचा डबा कितीला आला. एका क्विंटल सोयाबीनमध्ये किती डबे येतात, ते काढा आणि व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या वर्षी पुन्हा काढू. डबे वाढले की कमी झाले, त्यावरून आपल्या 'देशाची' तब्येत कळेल.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, ताईची फी भरली की कळवा!